बडग्याचे पोट होता होता

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. जुन्या फियाट गाडीची मागची सीट. हसलात ना? हसा, खुशाल हसा. गाडीची गोष्ट सगळे ऐकतात, कारण ती रस्त्याने मिरवते, हॉर्न वाजवते. सीटचे कोण ऐकणार? आम्ही बिचाऱ्या जन्मभर लोकांच्या बुडाखाली! पण आज मला बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्या पोटातल्या स्प्रिंगा नुसत्या उड्या मारताहेत. ऐन पोळ्याच्या दिवशी मी मरता मरता वाचले आहे.

पण घाई नको. पहिल्यापासून सांगते.

कारखान्यात मी तयार झाले, तेव्हा माझ्या पोटात स्प्रिंगा भरल्या, त्यांच्यावर काथ्याचा जाड थर घातला आणि वरून रेक्झिन ताणून बसवले. कसल्या रंगाचे म्हणाल? भिवापूरच्या मिरचीसारखे लालभडक! कडेने पांढरा गोट. आहाहा! नागपुरात पहिल्यांदा आले तेव्हा धंतोलीतल्या एका वकीलसाहेबांच्या घरी होते. त्यांच्या घरची मुले माझ्यावरून या दारापासून त्या दारापर्यंत घसरगुंडी खेळत. वकीलसाहेब ओरडत आणि नंतर हळूच स्वतःही हात फिरवून बघत. मी किती गुळगुळीत होते याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

पुढे वकीलसाहेबांनी नवी गाडी घेतली आणि आमची गाडी तांडापेठेत गुलाबचंदांच्या घरी आली. गुलाबचंद पिढीजात विणकर. हातमागावर लुगडी विणत. मागाचे काम मंदावले, तसे ते लुगड्यांचे गठ्ठे गाडीत घालून उमरेड, भिवापूर, पवनी असे फिरू लागले. लग्नसराईत वऱ्हाडी पोचवू लागले. माझ्यावर बसून लोक म्हणत, "काय सीट आहे गा गुलाबचंद! गादीवानी!" गुलाबचंदांची मान अशी ताठ होई की टोपी छताला टेकायची. माझ्यावर त्यांचे फार प्रेम होते, आणि मित्रांनो, त्या प्रेमानेच माझा घात केला.

त्याचे असे झाले. हातमागावर विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्यांना पेज पाजतात. भाताची पेज मोठ्या कुंचीने, म्हणजे ब्रशाने, धाग्यांवर चोळायची, म्हणजे धागा ताठ राहतो, तुटत नाही. हे काम गुलाबचंदांच्या हाडीमांसी भिनलेले. त्यांनी मनाशी हिशेब मांडला, की धाग्याला जशी पेज, तसे रेक्झिनला तेल! दसरा आला की खोबरेल तेलाची बाटली आणि तीच मागाची कुंची घेऊन ते गाडीत शिरत आणि मला मन लावून तेल पाजत. दिवाळीला पुन्हा. कुणी खास माणूस बसणार असले तर आदल्या दिवशी दोन हात जास्त.

आता रेक्झिन काही तेल पीत नाही. ते तेल माझ्या अंगावर बसून राही आणि रस्त्यावरच्या फुफाट्याला आपुलकीने बोलावून घेई. त्यावर पुढच्या सणाचे तेल, त्यावर पुढचा फुफाटा. लालाची मी तपकिरी झाले, तपकिरीची काळी झाले. माझा पांढरा गोट कुठे आहे हे मलाच कळेना. वर नागपूरचा मे महिना! बंद गाडीत ते तेल असे उकडून निघे, की मी सगळीकडून चिकट झाले. मला ओरडून सांगावेसे वाटे, की अहो बाबा, पुरे! पण सीटचे कोण ऐकतो?

मग तो वाईट दिवस आला. गुलाबचंदांच्या मुलाचे, चेतनचे, लग्न उमरेडची मुलगी पाहून जवळजवळ ठरले होते. मुलीची आई अंजनाबाई घर पाहायला येणार होत्या. त्यांना आणायला आमची गाडी गेली. आदल्या दिवशी गुलाबचंदांनी मला तेलाने नुसते न्हाऊ घातले होते. अंजनाबाई मोतिया रंगाची करवतकाठी साडी नेसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याने आपल्या हाताने मागावरून उतरवलेली ती शेवटची साडी. त्यानंतर तो मागही थांबला आणि ते गृहस्थही गेले. भर उन्हाळ्यात उमरेडपासून तांडापेठेपर्यंत त्या माझ्यावर टेकून बसल्या. दारात उतरल्या, आणि मागून सगळी साडी काळी! गल्लीत कुणीतरी फिसकन हसले.  अंजनाबाईंनी पदर मागे ओढून घेतला आणि घरात गेल्या.

लग्न झाले हो, थाटात झाले. पण त्या दिवसापासून अंजनाबाई आमच्या गाडीत बसायच्या आधी पिशवीतून वर्तमानपत्र काढतात, माझ्यावर नीट अंथरतात आणि मगच बसतात. तक्रार नाही, टोमणा नाही. नुसता कागदाचा आवाज. तो आवाज झाला की गुलाबचंद तोंड फिरवत. विहिणीची माफी मागायची त्यांच्या फार मनात होते, पण शब्द काही ओठांबाहेर पडत नव्हते. तेल लावणे मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडले. मग माझ्यावर टॉवेल आला, टॉवेलवर चादर, चादरीवर जुन्या सुताची पोती. माझ्यावर बसायला कुणी राजी नसे. एकटे गुलाबचंद दुपारी गाडीचे दार उघडत, पोते बाजूला सारत आणि पाय बाहेर सोडून माझ्यावर बसून राहत. तेवढीच काय ती मला सोबत.

यंदा पोळ्याला अंजनाबाई येणार म्हणून ठरले आणि चेतनने ठरवले की आता बस झाले. तो बुटीबोरीच्या कापड गिरणीत कामाला आहे. दिवसभर पांढरेशुभ्र कापड बघणाऱ्या माणसाला माझी लाज वाटणारच. त्याने दुसऱ्या एका गाडीची चांगली सीट बघून ठेवली आणि मला बोल्ट काढून अंगणात आणून टाकले. तेवढ्यात गल्लीतला प्रज्वल आला. हा आमच्या गल्लीच्या बडग्या मंडळाचा प्रमुख.

नागपूरबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबती आणि त्यांच्यासोबत गल्लीगल्लीचे बडगे, म्हणजे कागद, चिंध्या, भंगार यांचे मोठाले पुतळे. वर्षभरात ज्याचा त्रास झाला, त्याचा बडग्या करायचा, मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" असे ओरडायचे आणि शेवटी जाळून टाकायचा. सगळी पीडा गेली! बघायला इतकी मजा येते, की काय सांगू. फक्त आपण स्वतः बडग्या नसलो म्हणजे झाले.

प्रज्वलने मला पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "काका, हे सीट टाकून राहिले का? आमच्या बडग्याले पोटच नाही सापडून राहिलं. हे देऊन टाका ना. असं भकभक जळन, पूर्ण इतवारी बजार पाहात राहीन!"

"घेऊन जा," चेतन म्हणाला. "माहीच पीडा आहे ते."

माझ्या स्प्रिंगा जागच्या जागी थिजल्या. गुलाबचंद ओट्यावर बसले होते. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले. आणि त्यांचे ते पाहणे काजलने पाहिले. काजल म्हणजे चेतनची मुलगी, कॉलेजात शिकते, गाडी झोकात चालवते आणि एकदा म्हणाली की ऐकत नाही.

"बाबा, नका देऊ. मी साफ करतो," ती म्हणाली.

"पागल झाली का वं? काई साफ नाही होत ते. रेक्झिनच सडलं आहे."

"पाहू तर द्या!"

"अन् उद्या तुही आजी येऊन राहिली, ते माहीत आहे ना? पुन्हा तिच्या साडीले काई लागलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

काजल मग म्हणाली, "आजी कागद न टाकता बसली, तर सीट राहीन. कागद टाकला, तर प्रज्वलले देऊन टाका. मी काईच बोलणार नाही. अन् आजीले कोणी काई सांगाचं नाही."

चेतन म्हणाला, "ठीक आहे. पण कागद म्हणजे कागद."

"मी हातगाडी लावून वाट पाहातो मग," प्रज्वल म्हणाला आणि बडग्याचे हातपाय बांधायला निघून गेला.

मित्रांनो, माझे सगळे आयुष्य आता एका वर्तमानपत्रावर येऊन ठेपले होते!

काजलने कंबर कसली. आधी मऊ ब्रशने शिवणींमधला कचरा काढला. काय काय निघाले म्हणून सांगू! शेंगदाण्याची टरफले, लग्नातल्या अक्षता, एक बांगडीचा तुकडा, सुताच्या गुंतवळी. मग तिने कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थोडेसे थेंब टाकले आणि फेस केला. आधी माझ्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर घासून पाहिले, रेक्झिनला काही होते का म्हणून. काही झाले नाही. गुलाबचंद आता ओट्यावरून उतरून जवळ आले होते. त्यांना राहवेना. त्यांनी अख्खी बादली उचलली.

"आबाजी, थांबा! पाणी नका ओतू. आत काथ्या आहे, भिजला तर सडन. नुसता फेस लावाचा."

बादली खाली आली. थोड्या वेळाने आबाजी गाडीतून पेट्रोलचा बोळा घेऊन हजर. "यानं चटकन निघन."

"पेट्रोलनं रेक्झिन कडक होते अन् तडकते, आबाजी!"

"काहून वं? तेल तर निघते ना?"

"तेलासंगं रेक्झिनही जाईन!"

म्हातारे हिरमुसले. काजलने हसून त्यांच्या हातात कोरडे फडके दिले. मी फेस लावतो, तुम्ही पुसा, असे ठरले. पहिल्या पुसण्यात पांढरे फडके काळेकुट्ट झाले. दुसऱ्यातही तेच. तिसरे फडके, चौथे फडके. घरातल्या जुन्या बनियनी संपल्या. काजलचे हात दुखू लागले. दात घासायच्या जुन्या ब्रशने ती माझा गोट घासत होती आणि मला इतक्या गुदगुल्या होत होत्या, पण हसणार कशी?

आणि मग तळहाताएवढ्या जागी फडके फिरले आणि काजल किंचाळलीच.

"आबाजी! लाल! लाल आहे सीट!"

मित्रांनो, त्या पोरीने जन्मल्यापासून मला काळीच पाहिले होते. तिला वाटे, मी काळीच आहे. तिची आई पुरणाचे हात घेऊन बाहेर धावत आली. गुलाबचंद वाकून त्या लाल चौकोनाकडे पाहू लागले. मग त्यांनी एक बोट हळूच त्यावर फिरवले.

"मीच झाकला होता," ते म्हणाले. "मले वाटे, धाग्यावानी यालेही पाजावं लागते."

"रेक्झिन काई पीत नाही, आबाजी."

"आता समजलं ना वं!" असे म्हणून त्यांनी फडके असे काही हाणले, की मी जागची हलले. त्या दुपारी आजोबा-नातीने मला घासून घासून नवी नवरी केले. लाल रंग वाढत चालला. पांढरा गोट दिसू लागला. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

आणि तेव्हाच माझे नशीब फिरले. मधोमध, जिथे सगळ्यात जाड थर होता, तिथला मळ निघाला आणि त्याखालून एक भेग निघाली. मळाने ती इतकी वर्षे बुजवून धरली होती. काजलने पुसायला हात टाकला, तसे रेक्झिन वीतभर फाटत गेले. आतला काथ्या बाहेर डोकावला.

काजलने हातातले फडके खाली टाकले. "झालं," ती म्हणाली. "आजी हे पाहीन, अन् पहिले कागद टाकीन."

 पलीकडून प्रज्वलच्या मंडळाची ठोकाठोक ऐकू येत होती. माझ्या डोळ्यांपुढे, म्हणजे डोळे असते तर, जाळ दिसू लागला. गुलाबचंद उठले आणि घरात गेले. मला वाटले, त्यांना आता बघवत नसेल. पण ते परत आले, हातात कापडाचा एक तुकडा घेऊन. त्यांच्या मागावर शेवटच्या ताण्यातून उरलेला, घट्ट विणीचा. इतकी वर्षे त्यांनी तो ट्रंकेत जपून ठेवला होता.

"हे आतून लाव. फाटलेल्याले आतून आधार लागते," ते म्हणाले.

"आबाजी, हा तुमचा शेवटचा..."

"ट्रंकेत काय करून राहिला तो?"

मला थोडा वेळ उन्हात धरले, तसे रेक्झिन नरम झाले. गुलाबचंदांनी चमच्याच्या दांड्याने तो तुकडा भेगेखाली सारला आणि चारी बाजूंनी सारखा केला. काजलने दुकानातून आणलेला रेक्झिनचा गम लावला, भेगेच्या दोन्ही कडा जुळवल्या आणि आबाजींनी मागावरचा, धागा इकडून तिकडे नेणारा जुना गुळगुळीत लाकडी धोटा त्यावरून हलक्या हाताने फिरवत ती जागा बसवली. वरून लाल रंगाची पेस्ट. मग मला सावलीत वाळत ठेवले. भेग पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही. बारीक रेघ राहिलीच. पण ती आता माझ्या अंगावरची खूण आहे आणि तिच्याखाली काय आहे, हे मला ठाऊक आहे.

पोळ्याच्या सकाळी चेतनने मला गाडीत बसवले. त्याने बोल्ट आवळले, एकदा मागे सरून पाहिले, काहीतरी बोलणार होता, पण "चाल, उशीर होऊन राहिला" एवढेच म्हणाला. काजल गाडी चालवायला बसली, चेतन तिच्या शेजारी. गुलाबचंद दारातच थांबले. बसस्टँडपर्यंत माझी जी धडधड चालली होती, तिला तुम्ही गाडीचे इंजिन समजला असता.

अंजनाबाई उमरेडच्या बसमधून उतरल्या. आकाशी रंगाची साडी, हातात पिशवी. "काजल, किती वाळली वं!" वगैरे झाले. गाडीचे मागचे दार उघडले. आणि त्यांचा हात सवयीने पिशवीत गेला.

कागद बाहेर आला.

समोर आरशात काजलचे डोळे मला दिसत होते. चेतन मान वळवून खिडकीबाहेर पाहू लागला, अगदी बापासारखा. अंजनाबाईंनी कागदाची घडी उलगडली, तो अंथरायला त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"जावईबापू, गाडी बदलली का?"

"नाही आई. तेच आहे."

"हे तर लाल आहे!"

"लालच होती म्हणे," चेतन म्हणाला. त्याचा आवाज कसनुसा झाला होता.

अंजनाबाईंनी माझ्यावर तळहात फिरवला. मग हात नाकाशी नेऊन वास घेतला. खोबरेलाचा वास नव्हता. हात उलटसुलट करून पाहिला, बोटे एकमेकांवर चोळली.  शेवटी त्यांनी कागदाची पुन्हा चौपदरी घडी केली आणि त्या बसल्या. माझ्यावर! थेट माझ्यावर! आणि त्या कागदाने वारा घेत म्हणाल्या, "चाल बाप्पा, किती गरम होऊन राहिलं!"

काजलने गाडी अशी काढली, की रस्त्यातली एक गायसुद्धा घाबरून बाजूला झाली.

घरी सगळे दारात उभे. प्रज्वल हातगाडी घेऊन तयारच. गुलाबचंद खांबाला धरून उभे, तोंड फिरवण्याच्या तयारीत. अंजनाबाई उतरल्या. दोन पावले चालून त्या थांबल्या आणि सगळ्या गल्लीसमोर त्यांनी व्याह्यांकडे पाठ केली.

"इवाईबुवा, पाहा गा. डाग लागला का?"

गुलाबचंदांनी पाहिले. आकाशी साडीवर कशाचा ठिपका नव्हता.  "नाही इहीणबाई," ते म्हणाले. "या वेळेस नाही लागला. तेव्हाचा... तेव्हाचा मी लावला होता. मले माफ करा."

"मले का माहीत नव्हतं?" अंजनाबाई वळून म्हणाल्या. "ते साडी अजून आहे मायाजवळ. डागासंगं आहे. माया माणसाच्या हातचं आहे, फेकीन कशी? दिवाळीले तेच नेसून येतो. याच गाडीनं."

चेतनने पुढे होऊन प्रज्वलला म्हटले, "सीट नाही भेटत गा तुले." प्रज्वलचे तोंड उतरले. तेव्हा गुलाबचंद घरात गेले आणि येताना काळी झालेली सगळी फडकी, ते टॉवेल, ती चादर आणि सुताची पोती उचलून घेऊन आले. सगळ्यांवर खोबरेल तेलाची बाटली आणि ती कुंची ठेवलेली.

"हे घे पोटाले. अन् बाटली गळ्यात बांध त्याच्या."

मारबतीच्या दिवशी गल्लीतून बडग्या निघाला. पोट तेलकट फडक्यांचे, गळ्यात बाटली, हातात कुंची. गाडीच्या उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. पोरांनी आरोळी दिली, "घेऊन जा गे मारबत!" आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज होता माझ्यावर पाय सोडून बसलेल्या गुलाबचंदांचा.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला टाकून देण्याआधी एकदा कोपऱ्यात घासून बघा. खाली कुठला रंग आहे, हे तिलाही कधी कधी आठवत नसते. मऊ फडक्याने पुसा, कोरडी ठेवा, उन्हाळ्यात वरून कशाने तरी झाका. एवढे तिला पुरते. प्रेम करताना मात्र तिला काय हवे, हे आधी बघा.

माझे म्हणाल, तर दिवाळीला मोतिया रंगाची करवतकाठी येणार आहे आणि मी नटून बसले आहे. तोवर कुणी मला तेल लावू नये, एवढीच हात जोडून विनंती.